माशातला पारा तपासून घेतला: नाशिकमधल्या एका लॅबचा अनुभव (आणि आधी मागवलेल्या पट्ट्यांचाही)

ताई सातव्या महिन्यात माहेरी आली आणि घरात मरळीवरून वाद सुरू झाला. आजीचं म्हणणं, पोटुशीला मरळीसारखं दुसरं काही नाही, अंगात ताकद येते, आणि आमच्या नेहमीच्या मासेवाल्या मावशी धरणातली जिवंत मरळ घरपोच देतात, मग अडचण काय. दाजींचं म्हणणं, गोड्या पाण्यातल्या मोठ्या माशांत पारा असतो आणि तो थेट बाळाच्या मेंदूपर्यंत पोचतो, त्यांनी कुठेतरी वाचलेलं. आठ दिवस ताटावर हेच. ताई बिचारी कालवणाकडे बघत बसायची. शेवटी मी म्हटलं आजी, दाजी, थांबा दोघं, आपण तपासूनच घेऊ. तिथून पुढे दीड महिना जे झालं ते सगळं लिहितोय, कारण मला हे आधी कुणी सांगितलं असतं तर निम्मे पैसे आणि बरीच झोप वाचली असती.

लॅबचं नाव टाकत नाही. चुका झाल्या पण त्यांनी त्या सुधारल्या, आणि तशाही या चुका कुठल्याही लॅबमध्ये होऊ शकतात, त्यामुळे नावापेक्षा काय विचारायचं ते माहीत असणं महत्त्वाचं.

आधी पट्ट्यांचं. ऑनलाइन एक किट मागवलं होतं, पाण्यात पट्टी बुडवायची आणि डब्यावरच्या रंगांशी जुळवायची. धरणाचं पाणी, नळाचं पाणी, मासा धुतलेलं पाणी, सगळं बुडवून बघितलं, सगळीकडे शून्य. आजी खूश. पण नंतर डबा नीट वाचला तर पाऱ्याचा पहिला रंगच लिटरला 0.002 मिलिग्रॅमला बदलतो, आणि आपल्याकडे भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात पारा 0.001 मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको. म्हणजे मर्यादेच्या दुप्पट पारा असल्याशिवाय पट्टीला पत्ताच लागत नाही. शिवाय या पट्ट्या पाण्यात विरघळलेला साधा क्षाररूपी पारा पकडतात, माशात जो असतो तो त्यांना दिसत नाही. कुणी घेऊ नका. शून्य बघून निर्धास्त व्हायला होतं आणि तेच वाईट आहे.

मग लॅब. फोनवर म्हणाले पारा करतो, पाण्याची बाटली आणून द्या. कसली बाटली विचारलं तर कुठलीही स्वच्छ प्लॅस्टिकची चालेल. मी बिसलेरीची रिकामी बाटली धुऊन धरणाचं पाणी भरलं, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नेऊन दिलं. आठवड्याने रिपोर्ट आला, पाऱ्यासमोर फक्त तीन अक्षरं, बीडीएल. म्हणजे यंत्राला सापडला नाही. यंत्राला किती असल्यावर सापडतो ते कुठेच लिहिलेलं नाही. हा माझा पहिला राग. ‘सापडला नाही’ याला अर्थ तेव्हाच, जेव्हा शोधणाऱ्याची नजर किती बारीक आहे ते कळतं.

मी रिपोर्ट घेऊन परत गेलो आणि तिथे नशिबाने केमिस्ट मॅडम भेटल्या. त्यांनी बाटली बघितल्याबरोबर कपाळाला हात लावला. पारा प्लॅस्टिकच्या भिंतीला चिकटतो, शिवाय त्याची वाफ होऊन उडूनही जातो, त्यामुळे पाऱ्यासाठी ॲसिडने धुतलेली काचेची किंवा टेफ्लॉनची बाटली लागते आणि पाण्यात लगेच ॲसिड टाकावं लागतं. काउंटरवरच्या मुलाला हे सांगितलेलं नव्हतं. मॅडमनी तिथल्या तिथे चूक कबूल केली, पाण्याचे पैसे परत दिले, आणि मग अर्धा तास बसवून जे समजावलं त्यासाठी मी त्यांना पाचपैकी पाच देईन.

त्यांनी पहिला प्रश्न विचारला, तुम्हाला पारा किती आहे हे हवंय की कुठल्या रूपात आहे हे हवंय? मला प्रश्नच कळला नाही. पारा म्हणजे पारा. थर्मामीटरमधला, त्र्यंबकला दुकानात पारदाचं शिवलिंग ठेवतात त्यातला. मॅडम म्हणाल्या, तसं नाही. थर्मामीटरमधला चकाकणारा पारा हे एक रूप, त्याची वाफ श्वासातून गेली तर धोका, पण चुकून गिळला तर पोटातून जवळपास तसाच बाहेर पडतो. दुसरं रूप क्षाराचं, ते पाण्यात विरघळतं, गाळाला चिकटतं. गंधकाशी जुळला तर हिंगूळ होतो, तो पाण्यात विरघळतच नाही म्हटलं तरी चालेल. आणि तिसरं रूप मिथाइल पारा. तो अन्नातून गेला की जवळपास सगळाच्या सगळा रक्तात उतरतो, वार ओलांडून बाळाकडे जातो, मेंदूत शिरतो. पारा तोच, फक्त त्याला कार्बनचा एक छोटा गट चिकटलेला, आणि तेवढ्यानं सगळं बदलतं.

आणि हा गट चिकटवतं कोण, तर नदीच्या गाळातले बॅक्टेरिया. हे ऐकून मी खुर्चीत सरसावून बसलो. आतापर्यंत माझ्या डोक्यात हेच होतं की एखादा कारखाना विष सोडतो आणि मासा ते पितो. मिनामाताला तसं झालंही, जपानमधल्या त्या गावात 1956 साली आजार उघडकीला आला तेव्हा कारखान्याच्या सांडपाण्यातच मिथाइल पारा होता. पण बाकी जगात बहुतेक ठिकाणी पाण्यात पडतो तो साधा पारा, आणि त्याचं मिथाइल रूप नदीतच तयार होतं. 1969 मध्ये स्वीडनच्या दोन शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की तळाच्या गाळात जिवाणू हे काम करतात. पुढे 1985 ला कळलं की खाडीच्या गाळात मुख्य हात सल्फेटवर जगणाऱ्या जिवाणूंचा आहे, आपण जसा ऑक्सिजन वापरतो तसे ते सल्फेट वापरतात. नंतर लोखंडावर जगणारे आणि मिथेन वायू बनवणारे सूक्ष्मजीवही या यादीत आले. आणि नेमकी कुठल्या जनुकांमुळे ही ताकद येते ते तर 2013 मध्ये सापडलं, एचजीसीए आणि एचजीसीबी अशी दोन जनुकं, जोडीनं. दोन्ही असतील तरच पाऱ्याला मिथाइल लागतो, एक काढून टाकलं तरी काम बंद. म्हणजे आता गाळातला डीएनए बघून सांगता येतं की इथे हे काम करणारे राहतात की नाही.

मॅडम नाशिकच्याच, त्यांनी उदाहरण पण इथलंच दिलं. म्हणाल्या, मे महिन्यात नदीत पाणी आटलं की काठाचा काळा गाळ काडीनं उकरून बघा, सडक्या अंड्यासारखा वास येतो ना? तो वास म्हणजे हेच सल्फेटवाले जिवाणू कामावर आहेत. मला लगेच आठवलं, लहानपणी तपोवनाच्या पुढे खेकडे शोधायला जायचो तेव्हा पाय रुतला की तो वास यायचा आणि आई अंगणातच पाय धुवायला लावायची. इतकी वर्षं तो वास नाकात आहे आणि त्याचा अर्थ आत्ता कळला. अर्थात वास आला म्हणजे मिथाइल पारा आहेच असं नाही, हे पण त्यांनी बजावलं. कारण वासाचा वायू फार झाला की तो पाऱ्याला स्वतःशीच बांधून ठेवतो, हिंगुळासारखा, आणि मग जिवाणूंना तो मिळत नाही. जिथे ऑक्सिजन संपतो, सल्फेट थोडं असतं, कुजणारा पाला-सांडपाणी भरपूर असतं आणि पाणी कोमट असतं, तिथे काम जोरात चालतं. जलपर्णीच्या मुळांवर जो बुळबुळीत थर असतो ना, त्यातही हे चालतं, ॲमेझॉनच्या खोऱ्यात तरंगत्या वनस्पतींच्या मुळांवर ते मोजलेलं आहे. आपल्याकडे दरवर्षी गोदावरीतली पाणवेली काढा म्हणून ओरड होते ती डासांसाठी आणि दिसायला घाण म्हणून, पण मला आता त्या हिरव्या गालिच्याकडे बघून वेगळंच काहीतरी दिसतं.

धरणांचंही तसंच. नवीन धरण भरलं की बुडालेली माती, झाडोरा कुजतो, ऑक्सिजन संपतो आणि काही वर्षं माशांतला पारा वाढतो, कॅनडात हे दोन-तीन दशकं टिकलेलं बघितलंय. गंगापूर धरण जुनं आहे, तो पहिला काळ कधीच सरला. पण जुन्या धरणातही काठाचा गाळ उन्हाळ्यात उघडा पडतो, वाळतो, पावसाळ्यात परत बुडतो, आणि असं ओलं-वाळलं होणं या जिवाणूंना मानवतं, कारण वाळताना गंधकाचं परत सल्फेट होतं आणि बुडालं की त्यांना नवीन शिदोरी मिळते.

पण सगळे जिवाणू एका माळेचे मणी नाहीत, आणि मला हा भाग फार आवडला. काही जिवाणूंकडे उलटं हत्यार असतं. मेर-बी नावाच्या जनुकातून बनणारं एन्झाइम मिथाइलचा गट तोडून टाकतं, मग मेर-ए वालं एन्झाइम त्या सुट्या पाऱ्याची वाफ करून पाण्याबाहेर घालवतं. म्हणजे एकाच नदीत एक टोळी विष बनवतेय आणि दुसरी ते मोडतेय, वरून ऊन पडलं की उजेडही थोडं मोडतो, आणि माशात शेवटी काय उतरणार ते या ओढाताणीवर ठरतं. पाण्यात एकूण पारा किती पडला त्यावरून हे कळत नाही. अमेरिकेत टेनेसी राज्यात ओक रिज म्हणून गाव आहे, तिथे 1950 च्या दशकात बॉम्बच्या कामासाठी प्रचंड पारा वापरला आणि तो ओढ्यात गेला. पुढे ओढ्यात जाणारा पारा बराच कमी केला, पण खालच्या भागातल्या माशांतला त्या प्रमाणात उतरलाच नाही, कारण पारा कमी झाला तरी तळाला आणि दगडांवरच्या शेवाळी थरांत मिथाइल बनवणारे आपलं काम करतच होते.

मग मी विचारलं, मॅडम, पाण्यात यंत्राला सापडत नाही एवढा कमी असेल तर भीती कसली? त्यांनी कागदावर हिशोब मांडला. समजा पाण्यात मिथाइल पारा लिटरला 0.1 नॅनोग्रॅम आहे. पिण्याच्या पाण्याची मर्यादा 0.001 मिलिग्रॅम म्हणजे 1000 नॅनोग्रॅम, तर हा आकडा तिच्या दहा हजारपट खाली. पण शेवाळ तो शोषतं, शेवाळ खाणारे किडे साठवतात, किडे खाणारे बारके मासे, त्यांना खाणारी मरळ, असं वर चढत चढत तो दहा लाखपट होऊ शकतो. 0.1 नॅनोग्रॅम गुणिले दहा लाख म्हणजे किलोला 0.1 मिलिग्रॅम, म्हणजे 0.1 पीपीएम मासा. दहा हजारपट सुरक्षित पाण्यात मोजण्याइतका पारा असलेला मासा! त्या कागदाचा फोटो मी फोनमध्ये ठेवलाय.

तेव्हा मुद्दा हा, की मासा खायचा असेल तर पाणी तपासू नका, मासा तपासा. माझे पहिले पैसे पाण्यातच गेले होते.

मग मासे दिले. मावशींकडून एक मरळ आणि एक रोहू, दोन्ही एकाच धरणातले, मावशींनी शपथेवर सांगितलं. धरणाचं नाव लिहीत नाही, दोन माशांवरून अख्ख्या धरणाला नाव ठेवणं बरोबर नाही. कातडी-काटा काढून नुसतं मांस, पाठीकडचं, साधारण शंभर ग्रॅम, स्वच्छ पिशवीत, बर्फात. या वेळेला सूचना व्हॉट्सॲपवर नीट लिहून आल्या, बर्फाचा डबा पण लॅबने दिला.

पाचव्या दिवशी ईमेल आला आणि घरात अक्षरशः सन्नाटा पसरला. मरळीचा आकडा 0.5 च्या वर. माशासाठी सर्वसाधारण मर्यादा 0.5 पीपीएम, हे तोवर आम्हा सगळ्यांना पाठ झालेलं. ताईने गेल्या महिन्यात चारदा मरळ खाल्लेली. दाजी काही बोलले नाहीत, नुसते उठून गच्चीत गेले. आजी देवापुढे बसली. मी रात्रभर जागा, सकाळी लॅब उघडायच्या आधी दारात. मॅडमनी रिपोर्ट बघितला आणि म्हणाल्या, अहो हा आकडा वाळवलेल्या मांसाचा आहे! माशात तीन चतुर्थांशाहून जास्त पाणी असतं, वाळवलं की वजन चार-पाचपट कमी होतं आणि तोच पारा तेवढ्या पटीनं जास्त दिसतो. मर्यादा असते ती ओल्या, ताज्या माशाची. म्हणजे आमच्या मरळीचा खरा आकडा मर्यादेच्या चांगलाच आत होता. आणि रोहूचा त्याहून कितीतरी कमी, कारण रोहू शेवाळ-पाला खाणारा, मरळ मासे खाणारी.

रिपोर्टवर ओलं की वाळलं ते एक शब्दात लिहिलं असतं तर ती रात्र आमच्या घरात आली नसती. गरोदर बाईच्या घरी असा आकडा पाठवताना दोनदा बघायला नको? मी हे त्यांच्या मालकांनाही तोंडावर सांगितलं. सुधारित रिपोर्ट त्याच दिवशी मिळाला, आता त्यांच्या फॉर्मवर तो रकाना छापलेला आहे आणि यंत्राला किती सापडतं तेही छापतात, हे मी स्वतः बघितलं.

मिथाइल वेगळा मोजून घ्यावा का? तो इथे होत नाही, नमुना बाहेरगावच्या मोठ्या लॅबला जातो, तीन आठवडे लागतात आणि खर्च आमच्या महिन्याच्या किराण्याइतका. मॅडमनी स्वतःच नको सांगितलं, धंदा बाजूला ठेवून. मोठ्या माशाच्या मांसातला बहुतेक सगळा पारा मिथाइल रूपातच असतो, म्हणून एकूण पारा मोजला तरी काम भागतं. वेगळं मोजायची खरी गरज पाण्याला आणि गाळाला, कारण तिथे मिथाइल हा एकूण पाऱ्याचा अगदी छोटा हिस्सा असतो आणि तोच महत्त्वाचा असतो.

घरच्या हिशोबाला लागणारा आकडा पण देतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ समितीने 2003 मध्ये ठरवल्याप्रमाणे मिथाइल पारा आठवड्याला किलो वजनामागे 1.6 मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त जाऊ नये. साठ किलोच्या बाईला आठवड्याला 96 मायक्रोग्रॅम. मासा बरोबर मर्यादेवर म्हणजे 0.5 पीपीएमचा असेल तर दोनशे ग्रॅमच्या आतच तिचा कोटा संपतो. 0.1 चा असेल तर जवळजवळ किलोभर चालतो. म्हणून मर्यादेच्या आत आहे म्हणून रोज खा असं नाही, आणि पारा आहे म्हणून मासाच बंद असंही नाही, माशातली चरबी बाळाच्या मेंदूला लागतेच. आणि एक, पारा चरबीत नसतो, मांसाच्या प्रथिनांना चिकटलेला असतो, त्यामुळे चरबी काढा, मिठाच्या पाण्यात ठेवा, कोकम लावा, तळा, उकळा, तो जात नाही. आजीला हे पटवायला दोन दिवस लागले. शरीरातून अर्धा बाहेर पडायला साधारण दोन महिने लागतात, म्हणून बाळाचा विचार असणाऱ्यांनी आधीपासूनच बेतानं खावं.

आमच्याकडे तह झाला तो असा. ताईला रोहू आणि बांगडा आठवड्यातून दोनदा, मरळ महिन्यातून एखाद वेळा आणि ती पण छोटी, कारण मासा जितका मोठा आणि म्हातारा तितका साठा जास्त. मोरी, म्हणजे शार्क, घरात बंद. दाजींनी मान्य केलं, आजीनं रोहूच्या कालवणात जास्तीचं आलं-लसूण घालून आपला मान राखला. ताई पोटभर जेवायला लागली हे बघूनच मला बरं वाटलं.

आता रेटिंग. पट्ट्या, 5 पैकी 0. लॅबचा काउंटर 2, नमुना घेताना विचारल्याशिवाय काही सांगत नव्हते. रिपोर्ट पहिला 1, सुधारलेला 4. केमिस्ट मॅडम 5. एकूण मी 3.5 देतोय आणि परत तिथेच जाणार.

तुम्ही कुठल्याही लॅबला गेलात तर हे विचाराच: यंत्राला कमीत कमी किती सापडतो, आकडा ओल्या वजनाचा की वाळलेल्या, एकूण पारा की मिथाइल, आणि बाटली कसली. यातल्या एकाचंही उत्तर देताना समोरचा चाचपडला तर पुढे जाऊ नका.

मला आता गाळ तपासायचाय. ताईसाठी नाही, तिचं झालं, माझ्यासाठी. सिंहस्थ तोंडावर आहे, नदी स्वच्छ करायच्या गप्पा चालल्यात, गाळ काढायचं म्हणतात, आणि त्या गाळात कोण राहतं हे कुणी बघतंय का माहीत नाही. मॅडम म्हणाल्या गाळाचा नमुना काठोकाठ भरायचा, वर हवा ठेवायची नाही, नाहीतर ऑक्सिजन लागून आतलं सगळं बदलतं, आणि लगेच गोठवायचा. बाहेरगावची गाडी दर बुधवारी जाते, म्हणजे मंगळवारी संध्याकाळपर्यंत पोचवायला हवा. बरोबर कुणाला पाठवायचा असेल तर सांगा, एकत्र पाठवला तर गाडीभाडं अर्धं पडतं.